थंडगार ज्वालामुखी

महाराष्ट्रात ज्वालामुखीचे उद्रेक साधारणपणे हिवाळ्यात होतात, कारण शाळाशाळांची विज्ञान प्रदर्शनं तेव्हाच भरतात. पुठ्ठ्यावर कागदाच्या लगद्याचा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा तपकिरी डोंगर, डोंगराच्या पोटात औषधाची रिकामी बाटली, बाटलीत खाण्याचा सोडा आणि चिमूटभर लाल रंग, आणि शेजारी व्हिनेगरची वाटी धरून उभा असलेला सहावीतला शास्त्रज्ञ. पाहुणे समोर आले की तो पाठ केलेलं निवेदन एका दमात म्हणतो आणि वाटी उपडी करतो. डोंगराच्या तोंडातून गुलाबी फेस ओघळतो. पाहुणे ‘वा, छान’ म्हणत शेजारच्या पवनचक्कीकडे वळतात, आणि ज्वालामुखी पुढचे पाहुणे येईपर्यंत सुप्तावस्थेत जातो. दगड आणि खनिजं या विषयावर मुलांसाठी एखादा सोपा प्रयोग सुचवा म्हटलं, की पालक, शिक्षक, पुस्तकं आणि मामा या चौघांनाही पहिल्यांदा हाच सुचतो. माझं म्हणणं असं, की घरात हाताशी असलेल्या दगडांवर करता येतील असे ढीगभर प्रयोग सोडून आपण नेमका तो उचलला आहे ज्यात दगडाला काही कामच नाही. त्यातही हे महाराष्ट्रात घडावं, हे म्हणजे फारच झालं.

प्रयोग वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आम्ल आणि बायकार्बोनेट एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, ही रसायनशास्त्रातली सज्जन आणि विश्वासू गोष्ट आहे. रसायनशास्त्राच्या टेबलावर तो ठेवला असता तर तक्रारीला जागा नव्हती. तक्रार आहे ती तो भूशास्त्राच्या टेबलावर ठाण मांडून बसला आहे, याबद्दल. या ज्वालामुखीत उद्रेकाच्या वेळी तापमापी बुडवली तर पारा खाली जातो, कारण ही अभिक्रिया आजूबाजूची उष्णता शोषून घेते. बेसाल्टचा खरा लाव्हा बाहेर येतो तेव्हा त्याचं तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असतं. आपला मात्र जसजसा खवळतो तसतसा गार पडतो. शिवाय त्याचा लाव्हा थिजून त्याचा दगड होत नाही, फडक्यानं पुसला जातो. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे तो कधीही फसत नाही. सोडा आहे, व्हिनेगर आहे, फेस येणारच. ज्याचा निकाल आधीच ठरला आहे त्यातून मुलाला काही विचारायचं नसतं. वाटी उपडी करायला नुसता हात लागतो. दगडाचे खरे प्रयोग याच्या उलट असतात. दगड बऱ्याचदा ‘नाही’ म्हणतो, आणि त्याच्या नकारातूनच तो कोण आहे हे कळतं.

आता आकाराकडे वळू. तो उभट, टोकदार, वर खळगा असलेला डोंगर जपानच्या फुजीयामाचा आहे, आपला नव्हे. महाराष्ट्राच्या पाच भागांपैकी जवळजवळ चार भाग ज्या काळ्या दगडावर उभे आहेत, तो दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून बाहेर आला. तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून आला आणि पातळ असल्यामुळे दूरवर पसरत गेला. एकावर एक थर साचले, आणि आज उरलेला पसाराच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत थरांची चळत आहे. ज्या भेगांमध्ये लाव्हा मागे राहून थिजला, त्यांच्या काळ्या भिंती नंदुरबार-धुळ्याकडे मैलोन्‌मैल उभ्या दिसतात. म्हणजे या ज्वालामुखीचं खरं प्रतिकृती-चित्र करायचं तर सपाट पुठ्ठ्याला मधोमध चीर पाडावी आणि तिच्यातून काकवी वर ढकलावी. दिसायला ते अगदीच सामान्य दिसेल, हे कबूल. पण काकवी एकदा गरम आणि एकदा गार करून तिरप्या ताटावर सोडली, तर गरम काकवी किती लांब धावते आणि गार काकवी कशी रेंगाळते हे मोजपट्टीनं मोजता येतं, आणि दख्खनचं पठार सपाट का आहे याचं निम्मं उत्तर तिथंच मिळतं. उरलेलं ताट चाटण्याच्या कामीही येतं, जे गुलाबी फेसाबद्दल म्हणता येत नाही. राहता राहिला वर खळगा असलेल्या जागेचा प्रश्न. महाराष्ट्रात ज्वालामुखीच्या मुखासारखं दिसणारं एकच प्रसिद्ध विवर आहे, लोणारचं. आणि ते अशनी आदळून झालेलं आहे. परातीत मैदा पसरून, त्यावर हळदीचा पातळ थर देऊन वरून गोटी टाकली, की लोणार होतं. वाटी-व्हिनेगर लागत नाही.

यावर कुणी जाणकार म्हणेल, की प्रतिकृतीतला वायू तरी खरा आहे ना? उद्रेकाला जोर वायूच देतो, आणि कार्बन डायऑक्साइड खऱ्या ज्वालामुखीतूनही निघतो. आक्षेप रास्त आहे. अंदमानातलं बॅरन बेट, जिथे १७८७ साली उद्रेकाची नोंद झाली आणि जे दीर्घ झोपेनंतर १९९१ मध्ये पुन्हा जागं झालं, तेही शंकूच्या आकाराचं आहे, हेही मान्य करून टाकतो. पण शिलारसातला वायू दोन पदार्थ ऐनवेळी एकत्र ओतून तयार होत नाही. तो खोलवर दाबाखाली रसात विरघळलेला असतो, आणि रस वर येऊन दाब उतरला की बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर येतो. हे दाखवायचं यंत्र आपल्याकडे रसवंतीगृहात आणि जत्रेत मिळतं. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७० च्या दशकात पेटंट घेतलेली ती बाटली म्हणजे आपली गोटी सोड्याची बाटली. गोटी घट्ट बसलेली असताना आत काहीही हालचाल दिसत नाही. गोटी दाबली, दाब गेला, की क्षणात सगळी बाटली बुडबुड्यांनी भरते. भूशास्त्राच्या दृष्टीनं ही बाटली पुठ्ठ्याच्या डोंगरापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. बुडबुडे वर चढत असतानाच सोडा थिजला असता तर काय झालं असतं, असं मुलाला विचारावं आणि हातात रस्त्याकडेचा एखादा भोकाभोकांचा काळा दगड द्यावा. ती भोकं म्हणजे लाव्हातून निसटू न शकलेल्या वायूचे बुडबुडेच आहेत. लाव्हाच्या थराच्या वरच्या अंगाला अशी भोकं जास्त असतात, तो भाग लवकर झिजतो आणि त्याचा उतार होतो. मधला भरीव भाग टिकून कडा होतो. कडा, उतार, पुन्हा कडा अशा ज्या पायऱ्या सह्याद्रीला आहेत त्यांच्या भरवशावर आपले निम्मे किल्ले बांधले गेले. सोड्याचे पैसे द्यायला ही सबब पुरेशी आहे.

पण माझा मुख्य आक्षेप अजून आलाच नाही. हा ज्वालामुखी ज्या प्लास्टर ऑफ पॅरिसचा केलेला असतो, ते प्लास्टर आतल्या फेसापेक्षा शंभरपट चांगला प्रयोग आहे आणि तो आदल्या रात्री, कुणीही न बघता होऊन गेलेला असतो. जिप्सम नावाचं मऊ खनिज सुमारे १५० अंशांना भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडतं आणि पांढरी भुकटी उरते. तीच हे प्लास्टर. तिला पुन्हा पाणी दाखवलं की ती गेलेलं पाणी परत घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंतत वाढतात, आणि अर्ध्या तासात वाटीत पुन्हा जिप्सम तयार होतं. मघाच्या भुकटीचा पेला पालथा केला तर सांडला असता, आता तो कणभरही सांडत नाही. या सगळ्यात वाटीला हात लावला तर ती चक्क कोमट लागते. डोंगर थंड ज्वालामुखीला पोटात घेऊन उभा आहे आणि ऊब मात्र त्याच्या भिंतीत निर्माण झाली होती, हा विनोद मुलांना सांगितला तर आवडेल. पण तेव्हा मूल झोपलेलं असतं आणि डोंगर आई करत असते. (मुलांनी हात आत खुपसून साचा करायचा मात्र नाही. प्लास्टरचा मोठा गोळा घट्ट होताना चटका बसण्याइतका तापतो.) शाडूचा आणि प्लास्टरचा एकेक सुकलेला गोळा दोन बादल्यांत टाकून दर तासाला डोकावलं, तर दरवर्षी भाद्रपदात होणाऱ्या वादात घरातलं मूल वर्तमानपत्राच्या आधाराशिवाय बोलू शकेल.

तरीही व्हिनेगरचं काय करायचं, हा प्रश्न उरतो, कारण बाटली आणली आहे आणि महाराष्ट्रीय घरात ती दुसऱ्या कशाला लागत नाही. तर ते दगडावर टाकावं. आम्लाचा थेंब टाकून दगड ओळखणं ही भूशास्त्रज्ञांची रोजची रीत आहे. ते सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, आपल्याला लिंबू पुरतं. थेंब पडल्यावर बुडबुडे आले तर दगडात कॅल्शियम कार्बोनेट आहे. आता घर पाहा. शहाबादी फरशी चुनखडक आहे. कोट्याची फरशीही चुनखडकच. मकराण्याचा संगमरवर हा चुनखडकच भाजून-दाबून झालेला. आणि स्वयंपाकघरातला तो काळा कुळकुळीत, आजीच्या विश्वासातला कडप्पा, तोही चुनखडकच. म्हणूनच त्यावर लिंबू पिळून राहिलं की दुसऱ्या दिवशी तिथली चकाकी गेलेली असते. घरच्या ओट्यावर हा प्रयोग करू नये. फरशीवाल्याच्या दुकानामागे तुकड्यांचा ढीग पडलेला असतो आणि तो ते फुकट देतो, वर पोरगं कशाला नेतंय म्हणून आश्चर्यानं बघत राहतो. तुकड्यावर खिळ्यानं ओरखडून थोडी पूड करावी आणि मग थेंब टाकावा, म्हणजे मंद फसफसणंही भिंगातून दिसतं. ग्रॅनाइट मात्र ढिम्म. त्यातले क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार लिंबाला भीक घालत नाहीत. अशा रीतीनं नव्या सदनिकेच्या माहितीपत्रकात ‘ग्रॅनाइटचा ओटा’ असं छापलेलं असेल, तर त्याची शहानिशा दहा वर्षांचं मूल आणि अर्धं लिंबू मिळून करू शकतात. बांधकाम व्यावसायिकांना या वयोगटाची भीती वाटू लागावी, अशी माझी प्रामाणिक इच्छा आहे.

शाळेतल्या खडूवरही थेंब टाकून पाहावा. साच्यातले नेहमीचे खडू बहुतेक जिप्समचे असतात आणि त्यांच्यावर काही होत नाही. धूळ न उडवणारे खडू बहुधा कार्बोनेटचे असतात, ते फसफसतात. दोन्ही पांढरे, दोन्ही फळ्यावर उमटणारे, आणि दोघांची जात वेगळी. आणि फसफसताना जो वायू निघतो तोही वाया घालवायचं कारण नाही. पानाच्या चुन्याची निवळी करून तिच्यात तो नळीनं सोडला, की निवळी दुधाळ होते. ते दूध म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे कण, म्हणजे शहाबादी फरशीचाच ऐवज. व्हिनेगरनं दगडातून वायू काढायचा आणि चुन्यानं वायूचा पुन्हा दगड करायचा, असा हा फेरा आहे. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि निवळी पिऊ नये, एवढी जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी; तेवढ्यासाठी तरी ते आहेतच.

आणि हेच व्हिनेगर खुद्द ज्वालामुखीच्या दगडावर टाकलं तर? काही नाही. बेसाल्ट शांतपणे ओला होतो. ज्या द्रवावर पुठ्ठ्याचा ज्वालामुखी जगतो, तो द्रव खऱ्या ज्वालामुखीच्या दगडाला ओळखही दाखवत नाही, आणि मी म्हणतो तो मुद्दा इथे सिद्ध होतो. पण दगड नीट निरखला तर कधीकधी त्याच्या भोकांमध्ये पांढरं काहीतरी भरलेलं दिसतं. तिथे खरी गंमत सुरू होते. लाव्हा थिजल्यानंतर त्या पोकळ्यांमधून गरम, खनिजयुक्त पाणी झिरपत राहिलं आणि त्यात हळूहळू स्फटिक वाढले. ते पांढरं कोण आहे, याचे मुख्य संशयित तीन. कॅल्साइट असेल तर थेंबानं फसफसेल आणि लोखंडी खिळ्यानं सहज ओरखडलं जाईल. झिओलाइट असेल तर ओरखडा बहुधा उठेल पण फसफसणार नाही. गारगोटी असेल तर ना थेंबाला दाद ना खिळ्याला, उलट तीच काचेच्या तुकड्यावर ओरखडा काढेल. एक थेंब, एक खिळा, एक काच, आणि मुलाला आधी निकाल माहीत नाही. त्याच्या आईलाही नाही, शिक्षकांनाही नाही. हे तिघं एकाच वेळी एकाच दगडाकडे उत्सुकतेनं बघताहेत, अशी परिस्थिती शिक्षणव्यवस्थेत क्वचितच उद्भवते. आणि बक्षीसही मोठं असू शकतं: पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींमधून निघालेले निळेभोर कॅव्हन्साइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानानं ठेवलेले आहेत, आणि नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी संग्रहालयात अशा पोकळ्यांतल्या स्फटिकांची दालनंच्या दालनं आहेत. खडीसाठी दगड फोडणाऱ्या खाणींत हे सगळं निघालं. आपल्या रस्त्यांखाली किती गेलं असेल, याचा विचार करू नये. रस्त्यांबद्दल वाईट वाटायला आधीच पुरेशी कारणं आहेत.

ओरखड्यांची ही विद्या फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १८१२ साली शिस्तीत बसवली. त्यानं दहा खनिजांना मऊपासून कठीणपर्यंत ओळीनं उभं केलं: पहिला शंखजिरा, दुसरं जिप्सम, तिसरं कॅल्साइट, सातवी गारगोटी, दहावा हिरा. आपलं नख अडीचच्या आसपास, काच साडेपाचच्या. या श्रेणीचं वर्गातल्या नंबरांसारखं आहे: पहिल्या आणि दुसऱ्या मुलात किती गुणांचं अंतर आहे हे त्यातून कळत नाही. नवव्या क्रमांकाच्या कुरुविंदापेक्षा दहावा हिरा एका पायरीनं नव्हे, कित्येक पटींनी कठीण आहे. पण क्रम लावायला काहीच लागत नाही, आणि क्रम लावताना एरवी न सुचणारे प्रश्न सुचतात. पाटा-वरवंटा आणि जातं काळ्या दगडाचं का, संगमरवराचं का नाही? संगमरवर दिसायला कितीतरी देखणा. पण तो मऊ पडतो, आणि चिंच-कैरीची चटणी वाटली तर चटणीत पाटाही थोडा मिसळतो. बेसाल्ट घर्षणालाही पुरून उरतो आणि आंबटालाही. कुणा पाथरवटानं मोसचं नाव ऐकलं नव्हतं, पण निकाल तोच लागला होता. दगड घासून त्याच्या पुडीचा रंग पाहण्याची कसोटीही तशीच जुनी आहे. सराफाच्या पेढीवरचा कसोटीचा दगड काय करतो? सराफ त्यावर सोन्याची रेघ काढतो आणि मग तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकतो. खनिजशास्त्राच्या दोन परीक्षा एका गादीवर. मुलांना चंदनाची सहाण द्यावी, नाहीतर टाइलची मागची खरखरीत बाजू. गोव्यातलं लोहखनिज दिसायला काळपट, पोलादी; पण हेमटाइट असेल तर रेघ लालच उमटते. दगडाच्या चेहऱ्यावर जाऊ नये एवढं एक जरी कळलं, तरी रेघ वसूल.

आता दुसरा आक्षेप, आणि तो पूर्व विदर्भातून येईल. तुम्ही काळ्या दगडाचं कौतुक करता, आमच्याकडे तो नाहीच. बऱ्याच अंशी खरं आहे. नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीज, चंद्रपूरकडे कोळसा आणि सिमेंटवाल्यांना हवा असलेला चुनखडक. दक्षिण कोकणात आणि गोव्यात जांभा, जो खाणीतून चिऱ्यासारखा कापला जातो आणि उघड्यावर आणखी घट्ट होतो. पण हा आक्षेप मला बळच देतो. पुठ्ठ्याचा ज्वालामुखी नागपूरला, चिपळूणला आणि लंडनच्या मराठी शाळेत अगदी एकसारखा होतो, आणि तीच त्याची गैरसोय आहे. लिंबाचा थेंब चंद्रपूरच्या दगडावर एक सांगतो आणि सातारच्या दगडावर दुसरं. जांभ्याचा तुकडा कोरडा तोलून, रात्रभर पाण्यात ठेवून पुन्हा तोलला तर तो किती पाणी पितो ते कळतं. भरीव बेसाल्टला तहानच नसते. कोकणातल्या विहिरीचं पाणी मार्चमध्ये कुठे जातं, या प्रश्नाचा एक धागा त्या तराजूवर सापडतो.

तिसरा आक्षेप पालकांचा: मुलांना नेत्रदीपक काहीतरी लागतं, ओरखडे बघून त्यांचं मन भरत नाही. नेत्रदीपकच हवं असेल तर दोन पांढऱ्या गारगोट्या घ्या, डोळ्यांवर चष्मा लावा, गोधडीच्या अंधारात शिरा आणि त्या एकमेकींवर जोरात घासा. दगडाच्या आत पिवळट-नारिंगी उजेड चमकतो. ठिणगी नव्हे, दगडच उजळतो. पाण्याखाली घासल्या तरी उजळतात. विजेरी नाही, सेल नाही, चार्जर नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर गावदेवीच्या देवळाखाली जे दगडी खांब उभे आहेत ते कसे झाले, हेही घरात करता येतं: कॉर्नफ्लोअर आणि पाणी समप्रमाणात कालवून बरणीत दिव्याखाली आठवडाभर वाळू द्यावं. वाळताना ते आकसतं, तडकतं, आणि तडे खाली उतरत जाऊन बोटाएवढ्या बारीक बहुकोनी कांड्या तयार होतात. लाव्हा थंड होऊन आकसला आणि पीठ वाळून आकसलं, तड्यांचं गणित एकच. हा सगळा प्रकार मंद आहे, हे मान्य. परीक्षकांसमोर तो फेसाळत नाही. पण परीक्षकांना उभं करून ठेवण्याची जबाबदारी भूशास्त्रावर कुणी टाकली? त्या शास्त्राची सवय लाखो वर्षं थांबण्याची आहे.

स्वस्तातला शेवटचा प्रयोग चुंबकाचा. जुन्या स्पीकरातलं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून समुद्रकाठच्या किंवा नदीच्या वाळूतून फिरवलं, की पिशवीला काळे कण चिकटतात. नदीची वाळू मिळेनाशी झाली असेल तर बांधकामावरची क्रश सँड चालते, तो बेसाल्टचाच चुरा असतो. ते कण मुख्यतः मॅग्नेटाइटचे. लाव्हा थंड होताना अशाच कणांमध्ये त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोठून राहिली. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांमधली ती दिशा मोजली, आणि हे दगड थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता असा निष्कर्ष निघाला. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा बऱ्याच मोठ्या शास्त्रज्ञांना हास्यास्पद वाटत होती. आपल्या अंगणातल्या दगडानं त्यांच्या विरोधात साक्ष दिली. एवढ्या मोठ्या साक्षीदाराला आपण प्रदर्शनात बोलावत नाही आणि सोड्याला बोलावतो.

राहता राहिली साठवणुकीची अडचण. दगड गोळा करणाऱ्या मुलाचा खरा शत्रू म्हणजे दिवाळीची साफसफाई. त्यावर उपाय एकच: अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये दगड ठेवावेत आणि प्रत्येकाला चिठ्ठी लावावी, कुठे सापडला, कधी सापडला, खिळ्यानं काय झालं, लिंबानं काय झालं. संग्रहालयातल्या नमुन्यालाही अशीच चिठ्ठी असते, आणि ती हरवली की नमुन्याचं मोल बरंचसं जातं. बिनचिठ्ठीचा दगड कुणीही खिडकीतून फेकतं. ‘खंबाटकी घाट, १२ ऑक्टोबर, फसफसला नाही’ असं लिहिलेला दगड टाकायला आईचा हात धजत नाही, निदान बाबांना विचारल्याशिवाय तरी. चिठ्ठी डिंकानं चिकटवावी. सेलोटेप पावसाळ्यात सुटतो, आणि मग टाइलचा तुकडा खंबाटकी घाटात सापडल्याची नोंद राहते.